लांडगिणीचं कुंकू

"बघ, कोकरू धरलंय. तोंडाला रक्त बघ की," असं तो माणूस आपल्या बायकोला म्हणाला आणि पुढच्या चित्राकडं गेला. इतकंच. त्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली होती, ती तो बोटाभोवती गरगर फिरवत होता. पुढच्या चित्रातल्या मोराला त्यानं 'वा' म्हटलं, मोबाइल काढला, बायकोला मोराशेजारी उभं केलं. मी माझ्या चित्राच्या डाव्या हाताला उभी होते तशीच उभी राहिले. पण माझ्या आत काहीतरी सांडलं. चुलीवरचं दूध उतू जाताना आधी आवाज येत नाही, वास येतो, तसं मला ते आधी कळलं आणि मग ऐकू आलं. कोकरू. रक्त. मी मान वळवून चित्राकडं पाहिलं. माळ होता, वाळलेलं गवत होतं, ओढ्याचा काठ होता, माझी लांडगीण होती, आणि तिच्या जबड्यात मानेला अलगद धरलेलं तिचं स्वतःचं पिल्लू होतं. लांडग्याची पिल्लं जन्मतः काळपट असतात, आईच्या रंगाची नसतात. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी ते काळपट काढलं. आणि जबडा आणि पिल्लाची मान जिथं एकमेकांना भेटतात, तिथं तो लाल ठिपका होता. चित्राखाली कागदाची पट्टी चिकटवली होती. चित्राला नाव द्यायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. रांगोळीला कोण नाव देतं? म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांनी आपल्या मनानं देऊन टाकलं होतं. पट्टीवर लिहिलं होतं : शिकार.

आणि मला बोलता येत नव्हतं. श्रावणातला सोमवार होता, आणि माझा मुका सोमवार असतो. सकाळी अंघोळ झाल्यापासून संध्याकाळी महादेवाला नैवेद्य दाखवून पहिला घास घेईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्नाच्या पहिल्या श्रावणापासून धरलेलं आहे, बाळंतपणातसुद्धा मोडलेलं नाही. आईनं शिकवलं तेव्हा बजावून सांगितलं होतं, की खुणा करायच्या नाहीत, मान हलवायची नाही, हातानं बोललं तरी ते बोलणंच. मुकं म्हणजे मुकं, देवासमोरच्या नंदीसारखं. नंदी कधी मान हलवतो का? प्रदर्शनाचा शेवटचा दिवस आणि परीक्षण सोमवारी आहे हे कळलं तेव्हा ह्यांनी एवढंच म्हटलं, "बघ बाई, तुझं तू." सासूबाईंनी मात्र आमच्या बेंबळी गावातल्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "एक सोमवार सोडला तर महादेव काय धाराशिवला येऊन तुझी कंप्लेंट करनार हाय का? परीक्षक इचारतील, आन् तू हुबी ऱ्हाशील खांबावानी!" मी हसले. मग त्या म्हणाल्या, "म्या येते संगं. कुनीतरी तोंड असलेलं पायजे." आणि खरंच आल्या. एसटीत खिडकीची जागा धरून, इरकली नेसून, पिशवीत स्वतःपुरता चिवडा घेऊन. आता हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून डुलक्या काढत होत्या. एरवी या हॉलमध्ये लग्नं लागतात. कोपऱ्यात झाडूतून सुटलेल्या पिवळ्या अक्षता होत्या, आणि वर मांडवाच्या झालरीचा एक तुकडा पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. एखादी मुलगी बघायला आणावी तशी माझी लांडगीण भिंतीवर उभी होती, आणि लोक येऊन तिला नावं ठेवून जात होते.

तो ठिपका रक्ताचा नाही. ते कुंकू आहे. हे मी इथं कुणाला सांगणार, आणि सांगितलं तरी हसतीलच. रोज पहाटे सडा टाकून दारात रांगोळी काढायची, आणि रांगोळी पुरी झाली की वर हळदीकुंकवाची चिमूट सोडायची. त्याशिवाय रांगोळी म्हणजे नुसता पांढरा दगडाचा भुगा. चातुर्मासात गोपद्मं वेगळी. बोटांना ते इतकं पाठ आहे की डोकं दुसरीकडं असलं तरी हात आपला चालतो. चित्र मी तीन आठवडे काढत होते. समृद्धी, माझी मुलगी, लातूरला शिकायला गेली तेव्हा तिचे रंग घरी राहिले होते. स्पर्धेचं तिनंच फोनवर सांगितलं, 'आई, तू ते लांडग्याचं काढ, मला लहानपणी सांगायचीस ते.' माझी रेघ बरी आहे, असं लोक म्हणतात. पण लोकांच्या म्हणण्याला काय अर्थ? माझ्या हातून आजवर जे जे निघालं ते दुपारपर्यंत कुणाच्या तरी चपलेखाली गेलं आणि दुसऱ्या दिवशी सड्यात वाहून गेलं. त्याचं कधी वाईट वाटलं नाही; रांगोळीनं जायचंच असतं. पण कागदावरचं जात नाही, हे त्या तीन आठवड्यांत मला हळूहळू कळत गेलं आणि एक प्रकारची भीतीच वाटायला लागली. सकाळी उठून बघावं तर ती कालच्याच जागी, कालच्याच डोळ्यांनी माझ्याकडं बघत उभी. शेवटच्या पहाटे पिल्लाच्या मानेवरचे केस काढून झाले. चित्र पुरं झालं असं मनाला वाटायच्या आत हाताला वाटलं. करंडा शेजारीच होता, देवपूजा नुकतीच झालेली. चिमूट सुटली. हळद कागदावरून ओघळून गेली, पण कुंकू ओल्या रंगावर पडलं, आणि बघता बघता फुलून आलं. मी फुंकर घातली, आणखी पसरलं. सासूबाई मागून म्हणाल्या, "पूस की." पदराचं टोक हातात घेतलं आणि तिथंच थांबले. कुंकू पुसायचं नसतं. भिंतीवरचं पुसत नाहीत, देव्हाऱ्यातलं पुसत नाहीत. आणि ही तर लेकराला तोंडात घेऊन निघालेली आई, हिचं मी माझ्या हातानं पुसू? वरून रंग लावला असता तर झाकलं गेलं असतं. पण झाकणं आणि पुसणं यात देवाच्या लेखी काय फरक? राहू दे म्हटलं. हिच्या नशिबात कुंकू आहे तर असू दे. ते रक्तासारखं दिसेल, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. लाल म्हटलं की मला कुंकूच दिसतं. रक्त दिसायला वेगळे डोळे लागतात.

ती खरी लांडगीण मी परंड्याच्या बाजूला पाहिली, माझ्या माहेरच्या माळावर. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आबांची, माझ्या वडिलांची, मेंढरं होती. गोरोबा धनगराची पोर म्हणून मला तिकडं सगळे ओळखायचे. आई मात्र मला कधी मेंढरांमागं एकटं जाऊ द्यायची नाही, त्या दिवशी कशी गेले कुणास ठाऊक. ऊन कलतं होतं. तरवडाच्या झुडपांना पिवळी फुलं होती. ओढ्याच्या कडेला माती ढासळून एक कपार झाली होती, त्या कपारीतून ती बाहेर आली. मला वाटलं कुत्रं. मग तिनं मान वर केली आणि कळलं, कुत्रं असं बघत नाही. कुत्रं माणसाकडं काहीतरी मागत बघतं; ती काहीच मागत नव्हती. तोंडात पिल्लू होतं, त्याचे पाय पोटाशी दुमडलेले, डोळे मिटलेले. आईच्या तोंडात असूनही झोपल्यासारखं सैल. ती त्याला दुसरीकडं हलवत होती. माझ्यात आणि तिच्यात दोन मेंढरं बसतील एवढंच अंतर. तिनं पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मी श्वास घेतला नाही. आणि ती माझ्या शेजारून, अगदी शेजारून, बाई बाईच्या शेजारून विहिरीवर जाते तशी निघून गेली. तिच्या अंगाचा उन्हात तापलेल्या घोंगडीसारखा वास मला आला. अजून येतो. थोड्या वेळानं गावाकडची माणसं आली, काठ्या आणि जाळायला पाचट घेऊन. कुणाचं तरी करडू गेलं होतं. त्यांना बीळ हवं होतं, पिल्लं हवी होती. त्यातला एकजण माझ्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या मिशीत घाम होता, आणि त्यानं विचारलं, "दिसली का गं पोरी?" मी बोलले नाही. "मुकी हायस का? दिसली का?" मी त्याच्याकडं बघत राहिले. मानही हलवली नाही. दुसरा म्हणाला, "सोड, भ्यालीय ती." ते उलट्या दिशेला गेले. आबा मागून आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर घोंगडी टाकली आणि चालता चालता, मेंढरांना सांगावं तसं म्हणाले, "लांडग्याचाबी वाटा असतोय माळावर." पुढं लग्न झालं, आईनं दिलेलं मुक्या सोमवारचं व्रत मी धरलं. पण खरं सांगायचं तर माझा पहिला मुका सोमवार तो होता; वार कोणता होता ते आठवत नसलं तरी. तेव्हा माझ्या गप्प राहण्यानं ती वाचली. आणि आज, भिंतीवर, माझ्या गप्प राहण्यानंच तिच्या तोंडाला रक्त लागत होतं.

परीक्षक आल्या. प्रमोदिनी मॅडम, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, पांढरे केस कापलेले, खादीचा कुर्ता, गळ्यात दोरीला चष्मा. प्रत्येक चित्रासमोर त्या आधी लांब उभ्या राहत, मग जवळ जात, मग चित्रकाराला बोलतं करत. सोबत मंडळाचा उत्कर्ष होता, गळ्यात बिल्ला, कपाळावर घाम. माझ्यासमोर आल्या आणि थांबल्या. लांबून बघितलं, जवळून बघितलं, चष्मा लावला, काढला. मोरासमोर इतका वेळ लागला नव्हता. हरणांच्या कळपासमोरही नाही.

"हे तुम्ही काढलंत?" त्यांनी विचारलं.

मी नुसती उभी.

"मॅडम, ह्या बेंबळीच्या दैवशालाताई," उत्कर्ष म्हणाला. "ताई, सांगा की दोन शब्द. घाबरू नका."

मी बघत राहिले. तो माझ्याकडं, मग मॅडमकडं बघून ओशाळं हसला. मॅडम मात्र चित्रातच होत्या. "राहू दे. चित्र बोलतंय," त्या म्हणाल्या, आणि बोट हवेत त्या ठिपक्यापाशी नेलं. "हे बघ, उत्कर्ष. सगळं चित्र मातीच्या रंगात. गवत, माती, कातडी, सगळं एकात एक. आणि इथं, एवढ्याशा जागेत, रक्त. फक्त एक ठिपका. ज्यानं संयम ठेवलाय तोच हे करू शकतो. या एका ठिपक्यानं ही हिंस्र होते. मला विचारशील तर..." त्या त्याच्या कानाशी वाकल्या. पण माझे कान सकाळपासूनच्या मौनानं धारदार झाले होते. "पहिला हाच."

पहिला हाच. ते शब्द पोटात उपासाच्या जागी जाऊन बसले आणि गोड लागले. खोटं कशाला बोलू? डोळ्यांसमोर काय काय आलं. ह्यांचा चेहरा आला, समृद्धीचा फोन आला, शेजारच्या प्रेमाबाई आल्या, ज्या म्हणाल्या होत्या की 'रांगोळीवाल्या बायकांचं तिथं काय काम'. माझ्या हातचं काहीतरी पुसलं न जाता राहणार होतं, काचेत जाणार होतं. त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं. व्रतही राहत होतं, बक्षीसही मिळत होतं. गप्प उभं राहायचं, बस्स, ते तर मला येतंच. महादेवानं सगळं जमवूनच आणलं होतं जणू. आणि त्याच वेळी मला तो वास आला, तापलेल्या घोंगडीचा. हॉलमध्ये, पंख्याखाली, अगरबत्ती आणि नव्या फ्रेमच्या वासातून तो आला आणि माझ्या शेजारून गेला. ती माझ्यावर विश्वास टाकून शेजारून गेली होती. काठ्यावाल्यांना मी तिला दिली नाही, आणि आता पहिल्या नंबराला देणार होते? हिंस्र म्हणून? लेकरू तोंडात असताना? मनात आलं, बोलून टाकावं. एक वाक्य. ओठ सुटलेसुद्धा. पण चोवीस वर्षांचं मौन जिभेवर हात ठेवून बसलं होतं, आणि मला कळेना, की हे व्रत आहे का भीती. बाई, तू देवासाठी गप्प आहेस की तुझी आपली सवय आहे गप्प राहायची? हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता. तो पडला आणि त्याच्या मागोमाग, विहिरीत बादली पडल्यावर मागून दोर सरसरत जावा तसा माझा हात पर्समध्ये गेला.

पर्समध्ये तुळजापूरच्या देवीच्या कुंकवाची पुडी असते. नेहमीच असते, घराबाहेर पडताना किल्ली घ्यावी तशी मी ती घेते. पुडी सोडली. करंगळीशेजारचं बोट कुंकवात टेकवलं. उत्कर्ष म्हणाला, "ताई, ताई, चित्राला हात लावायचा नाही, बाद होईल!" त्याचा आवाज खूप लांबून आला. खूण करायची नाही, हे मला आठवत होतं. पण कुंकू लावणं ही खूण नव्हे. ते बोलणंही नव्हे. कुणी दारी आलं तर बाई कुंकू लावते, त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. मी पुढं झाले आणि लांडगिणीच्या कपाळावर, दोन कानांच्या मध्ये, केसांचा भोवरा मी काढला होता अगदी तिथं, बोट टेकवलं. एक टिळा. नंतर दोन्ही हात जोडले, तिला, चित्राला नाही, आणि मागं सरून माझ्या जागी उभी राहिले.

मोराशेजारी फोटो काढून घेतलेली ती बायको परत आली होती, तिनंच आधी "अगं बाई" म्हटलं. आणि मग खुर्चीतून आवाज आला. सासूबाई जाग्या झाल्या होत्या. "व्हय, लाव! लाव!" म्हणत त्या गुडघ्यावर हात ठेवत उठल्या आणि माणसांतून वाट काढत आल्या. "काय झालं? कोन काय म्हनलं हिला?"

"आजी, ह्यांनी चित्राला हात लावला," उत्कर्ष रडकुंडीला आला होता. "आणि त्या काही बोलतच नाहीत."

"बोलंल कशी? मुका सोमवार हाय तिचा. सांजच्याला या घरी, लई बोलंल." लोक हसले. सासूबाईंनी चित्राकडं बघितलं, मग पट्टीकडं. त्यांना वाचता येत नाही. "काय लिवलंय?"

"शिकार," मॅडम हळूच म्हणाल्या.

"शिकार?" सासूबाईंचा आवाज झालरीला लागला. महिनाभर ज्या या चित्राला 'तुझं कुत्रं, तुझं कुत्रं' म्हणत होत्या त्या! "कुनाची शिकार? डोळं हायत का न्हायत? लेकरू हाय ते तिचं! कान बघा, आयचं कान आन् लेकराचं कान येकच हायत का न्हाय? मांजर न्हाय का पिल्लू धरून नेत, तशी निगालीय बिचारी जागा बदलायला. आन् ते रगत न्हाय, कुकू हाय. हिच्या हातून सांडलं. म्या म्हनलं पूस, तर म्हनली, सवाशिनीचं कसं पुसू. शिकार म्हनं! लेकुरवाळी हाय ती!"

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. त्या खूप वेळ वाकून उभ्या होत्या. मी त्यांच्या कानामागची पांढरी बट बघत होते. आता काय होईल ते होवो, असं वाटलं, आणि तसं वाटताच अंग इतकं हलकं झालं की उपास सुटल्यासारखं झालं. त्या सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता, झोपेतून उठलेल्या बाईसारखा, मऊ. "दात बघ, उत्कर्ष," त्या म्हणाल्या. "दात कुठं टेकलेलेच नाहीत. ओठांनी धरलंय. केवढं नाजूक काम आहे, आणि मी त्या ठिपक्यातच अडकले." मग माझ्याकडं वळल्या. मी उत्तर देणार नाही हे आता त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "मघाशी मी ज्या कारणासाठी नंबर देणार होते ते कारण गेलं. आता दुसरं आहे. ते जास्त चांगलं आहे."

"पण मॅडम, हात लावला तर नियमात..." उत्कर्ष म्हणाला.

"दुसऱ्याच्या चित्राला लावायचा नाही. आपल्या चित्राला चित्रकार हात नाही लावणार तर कोण लावणार? आज पुरं झालं ते. पट्टी बदल."

उत्कर्षनं खिशातून पेन काढलं. 'शिकार'वर काट मारली आणि वर लिहिलं. लिहिता लिहिता तो सासूबाईंना विचारत होता, "आजी, लेकुरवाळी, असंच ना?" आणि सासूबाई वाचता येत असल्यासारख्या मान डोलवत होत्या.

दुपारनंतर पहिल्या नंबराला माझं नाव पुकारलं तेव्हा माइकसमोर मी हात जोडून उभी राहिले. "दोन शब्द?" असं कुणी म्हणायच्या आत मागून पाच-सहा जण एकदम ओरडले, "मुका सोमवार हाय!" आणि हॉल हसण्यानं आणि टाळ्यांनी भरून गेला. टाळ्या मी खूप ऐकल्या आहेत, आरतीच्या. त्या देवाला असतात. या कुणाला होत्या ते मला लगेच कळलं नाही. मी स्टेजवरून बघत होते. मोरवाला माणूस किल्ली खिशात घालून लांडगिणीसमोर उभा होता आणि बायकोला बोटानं दाखवत होता, कान, पिल्लाचे दुमडलेले पाय. त्यांच्या मागं रांग लागली होती. एका म्हाताऱ्या बाईनं चपला काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण काढल्या होत्या, आणि तिच्यामागच्या दोघींनीही काढल्या. बघून झालं की त्या लांडगिणीला हात जोडत होत्या आणि पुढं सरकत होत्या. मला आठवलं, काठ्या घेऊन आलेली माणसंही अशीच रांगेनं माळ उतरून गेली होती. तेव्हा ती कुणाला दिसू नये म्हणून मी जीव मुठीत धरला होता. आज ती भर उजेडात, कपाळभर कुंकू लावून, सगळ्यांसमोर उभी होती, आणि कुणाच्या हातात काठी नव्हती.

परतीच्या एसटीत सासूबाईंनी बक्षिसाची ढाल मांडीवर घेतली आणि कंडक्टरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना दाखवली. "सुनंची हाय," म्हणत होत्या, "मुकी न्हाय हां ती, आज सोमवार हाय." घरी आलो, दिवा लावला. पिंडीवर बेल वाहिला, नैवेद्य दाखवला. हे ओसरीवर समृद्धीशी फोनवर बोलत होते आणि मधूनमधून आत डोकावून बघत होते. पान वाढलं. भाकरी, वरण-भात, गव्हाची खीर. मी पहिला घास घेतला. गिळला. सासूबाई समोर बसल्या होत्या, हनुवटीला हात लावून. "हं," त्या म्हणाल्या. "आता बोल बाई. दिवसभर तुझ्या वाटचं म्याच बोलले, घसा बसला माझा. सगळ्यांत पहिलं काय बोलनार हायस ते बोल."

मला खूप बोलायचं होतं. त्यांच्या पाया पडायचं होतं, मॅडमचं सांगायचं होतं, व्रताबद्दल जो प्रश्न पडला होता तो अजून तसाच होता, तोही विचारायचा होता. पण तोंड उघडलं तेव्हा समोर स्वयंपाकघर नव्हतं, कलतं ऊन होतं, तरवडाची पिवळी फुलं होती, आणि मिशीत घाम असलेला तो माणूस माझ्यासमोर उकिडवा बसून इतकी वर्षं उत्तराची वाट बघत होता. आता त्याला सांगायला हरकत नव्हती.

"दिसली," मी म्हटलं.